जंत, स्वच्छता आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : एका गृहीतकाचा इतिहास

१. प्रस्तावना

२००७ साली अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्स शहरातील होर्हे कोर्रेआले आणि माउरिसिओ फारेझ या दोन संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे (यापुढे एमएस) बारा रुग्ण असे होते, ज्यांच्या पोटात जंत होते. दुसऱ्या बारा रुग्णांना एमएस होता, पण जंत नव्हते. दोन्ही गटांवर सरासरी ४.६ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. या काळात जंत नसलेल्या गटात आजाराचे ५६ झटके आले. जंत असलेल्या गटात आले फक्त तीन.

ज्या जंतांना आपण लहानपणापासून शत्रू मानतो, तेच मेंदूच्या एका गंभीर आजाराला आवर घालत असतील का? हा प्रश्न २००७ साली एकाएकी उभा राहिला नाही. त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा वैद्यकीय विचार आहे. या काळात संसर्गाकडे आधी आरोपी म्हणून पाहिले गेले आणि पुढे पहारेकरी म्हणून. प्रस्तुत टिपणात आपण हा प्रवास क्रमाने पाहणार आहोत. त्यातून दोन गोष्टी ध्यानात याव्यात अशी अपेक्षा आहे : एकाच निरीक्षणातून दोन परस्परविरोधी सिद्धांत कसे निघू शकतात, आणि आकर्षक सिद्धांत कसोटीला लावल्यावर त्याचे काय होते.

२. आजाराची ओळख आणि पहिले संशयित

आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसेच काहीसे. एमएसमध्ये हे आवरण जागोजागी नष्ट होते आणि तिथे कठीण चट्टे तयार होतात. चट्टा कुठे पडला यावर लक्षणे अवलंबून असतात : एका डोळ्याने अंधूक दिसणे, हातापायांना बधिरपणा, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, न संपणारा थकवा. बहुतेक रुग्णांत आजार झटक्याझटक्याने येतो, मध्ये काही काळ बरे वाटते. तो साधारणपणे वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळतो. २०२० च्या एका जागतिक अंदाजानुसार जगात याचे सुमारे २८ लाख रुग्ण होते.

मज्जारज्जूवरील हे चट्टे १८३० च्या दशकातच लंडनचे रॉबर्ट कार्सवेल आणि पॅरिसचे झाँ क्रुव्हेलिए यांनी आपापल्या शवविच्छेदनाच्या चित्रसंग्रहांत रेखाटले होते. परंतु जिवंत रुग्णाची लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसणारे चट्टे यांची सांगड घालून याला स्वतंत्र आजार म्हणून मांडले ते झाँ-मार्टिन शार्को यांनी, १८६८ साली, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील व्याख्यानांमध्ये.

शार्को यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये असे मत मांडले की हा आजार संसर्गातून उद्भवतो. टायफॉइडसारख्या तापांनंतर एमएस सुरू झाल्याची उदाहरणे त्यांनी दिली. तो काळ लक्षात घ्या. पाश्चर आणि कॉख यांच्यामुळे प्रत्येक रोगामागे एखादा जंतू असणार ही अपेक्षा स्वाभाविक झाली होती. शोध सुरू झाला. १९१७ मध्ये जर्मनीत कून आणि श्टायनर यांनी मळसूत्री आकाराचा एक जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. १९३० मध्ये लंडनमध्ये कॅथलीन शेव्हासट यांनी रुग्णांच्या मेंदूजलात एक सूक्ष्मजीव सापडल्याचा दावा केला. त्यावरून लसही तयार झाली आणि सर जेम्स पर्व्हस-स्ट्यूअर्ट यांनी ती रुग्णांना दिली. वर्षभरात इतर शास्त्रज्ञांनी पडताळणी केली तेव्हा हा दावा कोसळला.

या पहिल्या टप्प्यातील विचार सरळ होता : जंतू शरीरात शिरतो आणि आजार होतो. जंतू नसल्यामुळे आजार होतो असे म्हणण्याची कोणाची कल्पनाही नव्हती.

३. कसौलीची लस आणि न्यूयॉर्कची माकडे

विचाराला वेगळे वळण मिळाले ते पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लशीमुळे. या गोष्टीत भारताचाही वाटा आहे. पाश्चर यांनी १८८५ मध्ये वापरलेली रेबीजची लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. पुढे १९११ मध्ये हिमाचलातील कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी फिनॉलने निष्क्रिय केलेली लस विकसित केली. भारतात ती मेंढीच्या मेंदूपासून तयार होई. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला आठवणारी पोटातली चौदा इंजेक्शने ती हीच. तिने असंख्य प्राण वाचवले. पण ती घेतलेल्या काही थोड्या लोकांना आठवड्या-दोन आठवड्यांनी लकवा होई, आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालेले दिसे. त्यांना रेबीज झालेला नसे. मग हे कशामुळे?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये याचा छडा लावायला घेतले. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात कोणताही विषाणू नव्हता. तरीही काही माकडांना लकवा झाला आणि त्यांच्या मेंदूत मायलिन गेल्याचे चट्टे दिसले. परक्या मेंदूच्या ऊतींविरुद्ध जागे झालेले प्रतिकारबळ स्वतःच्याच मेंदूवर उलटले होते.

एमएस हा स्वयंप्रतिकारक आजार असावा, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच घरच्यांना परके समजून हल्ला करत असावी, ही कल्पना या प्रयोगांतून बळावली. प्राण्यांमध्ये कृत्रिमरीत्या घडवलेला हा आजार आजही एमएसच्या संशोधनात नमुना म्हणून वापरला जातो. आता प्रश्न बदलला. 'कोणता जंतू?' याच्या जोडीला 'संरक्षक यंत्रणेचा तोल कशाने बिघडतो?' हा प्रश्न आला.

४. नकाशा आणि स्थलांतर

दुसऱ्या महायुद्धानंतर रोगपरिस्थितीविज्ञान, म्हणजे रोग कुठे, कोणाला आणि किती होतो याचा अभ्यास, वेगाने वाढला. एमएसचा नकाशा काढल्यावर एक ठळक आकृतिबंध दिसला. उत्तर युरोप, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग येथे आजार जास्त, तर विषुववृत्ताकडे सरकावे तसतसा कमी. जॉन कुर्ट्झके यांनी जगाची उच्च, मध्यम आणि अल्प प्रमाणाच्या प्रदेशांत विभागणी केली. भारत अल्प प्रमाणाच्या प्रदेशात होता.

हा फरक वंशाचा की परिसराचा? याचे उत्तर शोधण्यासाठी स्थलांतरितांचा अभ्यास उपयोगी पडतो, कारण माणूस देश बदलतो तेव्हा त्याची जनुके बदलत नाहीत. जेफ्री डीन यांनी दक्षिण आफ्रिकेत युरोपातून आलेल्या गोऱ्यांचा अभ्यास केला. तेथे जन्मलेल्या गोऱ्यांपेक्षा युरोपातून आलेल्यांत एमएस जास्त होता. १९७१ मध्ये डीन आणि कुर्ट्झके यांनी दाखवले की जे पंधरा वर्षांच्या आत दक्षिण आफ्रिकेत आले त्यांचा धोका कमी होता आणि जे त्यानंतर आले त्यांनी मायदेशाचा वाढीव धोका सोबत आणला. म्हणजे बालपणात कुठे वाढलो याला महत्त्व होते.

भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा पुरावा १९९० चा आहे. एलियन, नाइटिंगेल आणि डीन यांनी ब्रिटनमधील भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांकडे पाहिले. उपखंडातून आलेल्या पहिल्या पिढीत एमएस कमी होता. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांत मात्र तो स्थानिक ब्रिटिशांच्या जवळपास पोहोचला होता. एका पिढीत जनुके बदलत नाहीत, परिसर बदलतो.

परिसरातले नेमके काय? १९६६ मध्ये इस्राएलमध्ये उरी लायबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसच्या रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा त्यांना आढळले की रुग्णांचे बालपण तुलनेने अधिक स्वच्छ परिस्थितीत गेले होते. हे निरीक्षण आपल्या कथेचा केंद्रबिंदू आहे. त्याचे दोन अर्थ लावता येतात आणि पुढची साठ वर्षे वाद या दोन अर्थांमध्येच चालला.

पहिला अर्थ : उशिरा झालेला संसर्ग घातक ठरतो. पोलिओचे उदाहरण समोर होते. अस्वच्छ परिसरात बहुतेक मुलांना पोलिओचा विषाणू अगदी लहानपणी गाठतो आणि सहसा लकवा न होता निघून जातो. स्वच्छता वाढली की संसर्ग लांबणीवर पडतो आणि मोठ्या वयात तो अधिक घातक ठरतो. एमएसचेही असेच असावे, असे अमेरिकेतील डेव्हिड पॉस्कान्झर यांनी १९६३ मध्येच सुचवले होते.

दुसरा अर्थ : संसर्गाचा अभावच घातक आहे. अस्वच्छतेत जे जीव आपल्यासोबत राहतात ते आपल्या संरक्षक यंत्रणेला काहीतरी शिकवतात. ते गेले की शिक्षण अपुरे राहते.

पहिल्या अर्थात आरोपी एक विषाणू आहे. दुसऱ्या अर्थात हरवलेला शिक्षक आहे. जंतांचा संबंध येतो तो दुसऱ्या अर्थाशी.

५. इबादानचे रुग्णालय, लंडनची मुले

ब्रायन ग्रीनवूड हे ब्रिटिश डॉक्टर १९६० च्या दशकात नायजेरियातील इबादान येथील रुग्णालयात काम करत होते. पुढे हिवतापावरील संशोधनासाठी ते जगप्रसिद्ध झाले. इबादानमध्ये त्यांना जाणवले की ब्रिटनमध्ये नेहमी दिसणारे संधिवातासारखे स्वयंप्रतिकारक आजार येथे फार विरळा आहेत. १९६८ मध्ये त्यांनी मांडले की हिवताप आणि इतर परजीवींचे सततचे संसर्ग याला कारण असू शकतील. ते निरीक्षणावर थांबले नाहीत. १९७० मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वयंप्रतिकारक आजार आपोआप होणाऱ्या जातीच्या उंदरांना हिवतापाच्या परजीवीची लागण केली आणि त्यांचा आजार दबल्याचे दाखवले.

१९७६ मध्ये जॉन टर्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तर स्वतःवरच प्रयोग केला. त्यांना दर उन्हाळ्यात परागकणांमुळे शिंका आणि डोळ्यांना पाणी येण्याचा त्रास होई. त्यांनी अंकुशकृमीच्या, म्हणजे हुकवर्मच्या, २५० अळ्या त्वचेतून शरीरात घेतल्या आणि दोन उन्हाळे आपला त्रास थांबल्याचे कळवले. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण कल्पना आता प्रयोगशाळेबाहेर पडली होती.

१९८९ मध्ये लंडनचे डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागज्वर कमी, असे दिसले. मोठी भावंडे बाहेरून संसर्ग घरी आणतात आणि धाकट्यांचे त्यातून संरक्षण होत असावे, असे त्यांनी सुचवले. हेच पुढे 'स्वच्छता गृहीतक' म्हणून ओळखले गेले. ध्यानात घ्या, स्ट्रॅकन यांच्या मूळ लेखाचा विषय ॲलर्जी हा होता. जंत आणि एमएस त्यात नव्हते. २००२ मध्ये पॅरिसचे झाँ-फ्रान्स्वा बाख यांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले : एकात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवर, गालगुंड, क्षय यांसारखे संसर्ग खाली येताना दिसत होते, दुसऱ्यात एमएस, दमा, बालमधुमेह वर जाताना. हे जोडचित्र वैद्यकीय वर्तुळात अतिशय गाजले.

पुढच्याच वर्षी लंडनचे ग्रॅहम रूक यांनी मोलाची दुरुस्ती केली. गोवर किंवा फ्लूसारखे गर्दीचे रोग मानवी इतिहासात फार उशिरा आले. लाखो वर्षे आपल्यासोबत राहिले ते जंत, मातीतील आणि आतड्यातील जीवाणू. त्यांना मारून टाकणे शक्य नव्हते, म्हणून संरक्षक यंत्रणा त्यांना सोसायला शिकली. रूक यांनी त्यांना 'जुने मित्र' म्हटले. तेव्हा प्रश्न साबण वापरण्याचा वा न वापरण्याचा नव्हता, तर कोणते सहवासी हरवले याचा होता.

६. तराजूपासून लगामापर्यंत

जंत हे करत असतील तर कसे? १९८६ मध्ये मॉस्मन आणि कॉफमन यांनी उंदरांतील मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार दाखवले. पहिला पेशींच्या आत लपलेल्या जंतूंशी लढतो, दुसरा जंतांसारख्या मोठ्या परजीवींशी. एकाचे पारडे वर गेले की दुसऱ्याचे खाली. एमएस पहिल्या प्रकारच्या अतिरेकामुळे होतो असे तेव्हा मानले जाई. १९८७ मध्ये एमएसच्या रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन हे पहिल्या प्रकारच्या पेशींचे रसायन देऊन पाहिले असता झटके वाढले होते, त्यामुळे या मताला आधार मिळाला. जंत दुसरे पारडे जड करतात, म्हणून पहिले हलके होते आणि एमएस शमतो, असा नीटनेटका हिशेब मांडला गेला.

पण हिशेबात एक अडचण होती. ॲलर्जी ही दुसऱ्या प्रकारच्या पेशींचीच करामत. जंतांनी ते पारडे जड केले तर ॲलर्जी वाढायला हवी. जंतांच्या प्रदेशात तर ॲलर्जीही कमी दिसते. तराजूची उपमा अपुरी पडली.

उत्तर मिळाले ते नियामक टी-पेशींमध्ये. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये यांची ओळख पटवली. या पेशी दोन्ही पारड्यांना आवर घालतात. तराजूऐवजी लगाम म्हणा. या संशोधनासाठी साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंत आपल्या अस्तित्वासाठी यजमानाच्या शरीरातील हा लगाम ओढून धरतात असे अनेक प्रयोगांत दिसले. २०१७ मध्ये तर उंदरांच्या आतड्यातील एक कृमी शरीराच्या स्वतःच्याच शामक रसायनाची नक्कल करणारे प्रथिन स्रवतो हे सिद्ध झाले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी शिस्टोसोमा या परजीवीमुळे उंदरांतील एमएससदृश आजार सौम्य होतो हे दाखवले होते.

७. कसोटी

या पार्श्वभूमीवर २००७ चा ब्यूनोस आयर्सचा अभ्यास का गाजला हे समजते. जंत असलेल्या रुग्णांमध्ये नियामक पेशींची क्रिया वाढलेलीही आढळली होती. २०११ मध्ये त्याच गटाने पुढची माहिती दिली. चार रुग्णांना जंतांमुळे होणारा त्रास वाढल्याने जंताचे औषध द्यावे लागले, आणि त्यानंतर त्यांच्यात एमएस पुन्हा उसळला. कारण काढून घेतल्यावर परिणामही जातो, हा कार्यकारणभावाचा एक चांगला पुरावा मानला जातो.

तरीही त्रुटी स्पष्ट होत्या. रुग्ण मोजके होते. कोणाला जंत व्हावेत हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांना जंत झाले त्यांचे राहणीमान, आहार, उन्हात वावर वेगळा असू शकत होता. म्हणून नियंत्रित चाचणी आवश्यक होती.

पहिल्या चाचण्यांत डुकराच्या व्हिपवर्म या कृमीची अंडी वापरली गेली. हा कृमी माणसाच्या आतड्यात फार काळ टिकत नाही, म्हणून तो सुरक्षित मानला गेला. अमेरिकेतील जॉन फ्लेमिंग यांनी २०११ मध्ये पाच रुग्णांना दर दोन आठवड्यांनी २,५०० अंडी तीन महिने पाजली. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या नव्या चट्ट्यांची सरासरी ६.६ वरून २ वर आली आणि अंडी बंद केल्यावर पुन्हा ५.८ झाली. आशा वाढली. परंतु २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये दहा रुग्णांवर केलेल्या चाचणीत कोणताही फायदा दिसला नाही.

सर्वांत काटेकोर चाचणी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ७१ रुग्णांची चिठ्ठ्यांनी विभागणी झाली. अर्ध्यांच्या दंडावर अंकुशकृमीच्या २५ अळ्या असलेली पट्टी लावली, अर्ध्यांना अळ्या नसलेली. नऊ महिन्यांनंतर मुख्य मोजमापात, म्हणजे नव्या चट्ट्यांच्या एकूण संख्येत, दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. नियामक पेशींचे प्रमाण मात्र किंचित वाढले होते, आणि एकही नवा चट्टा न पडलेले रुग्ण कृमींच्या गटात ५१ टक्के तर दुसऱ्या गटात २८ टक्के होते.

याचे वाचन कसे करावे? चाचणी सुरू होण्याआधी जे मोजमाप निर्णायक म्हणून ठरवले ते अपयशी ठरले, म्हणून चाचणी अपयशी. नंतर आशादायक दिसणारे आकडे पुढील संशोधनाचा धागा ठरू शकतात, निष्कर्ष नव्हे. शास्त्रीय प्रामाणिकपणाचा हा साधा नियम आहे आणि संशोधकांनी तो पाळला. आज उपलब्ध असलेली एमएसची औषधे झटके कितीतरी अधिक प्रमाणात कमी करतात. त्यांच्या तुलनेत कृमींचा परिणाम, असलाच तर, क्षीण आहे.

८. जुना आरोपी परत येतो

२०२२ मध्ये वादाला नवे वळण मिळाले. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे असे दिसून आले की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. इतर विषाणूंच्या बाबतीत असे काही दिसले नाही. हा विषाणू गरीब देशांत बहुतेक मुलांना अगदी लहानपणी, कोणाच्या लक्षातही न येता गाठतो. श्रीमंत देशांत तो बऱ्याचदा किशोरवयात येतो आणि तेव्हा ग्रंथी सुजवणारा ताप आणतो.

आता १९६६ च्या इस्राएलच्या निरीक्षणाकडे परत जा. स्वच्छ बालपण आणि एमएस यांचा संबंध 'हरवलेल्या शिक्षका'शिवायही समजावता येतो : स्वच्छतेमुळे एपस्टाइन-बारचा संसर्ग लांबतो. पॉस्कान्झर यांचा पोलिओचा दाखला, वेगळ्या विषाणूच्या रूपाने, पुन्हा जिवंत झाला. ज्या परिसरात जंत जास्त, त्याच परिसरात हा विषाणूही लवकर भेटतो. म्हणून जंतांची आकडेवारी केवळ परिसराची खूण असू शकते. अर्थात जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो आणि एमएस फारच थोड्यांना होतो. बाकीच्या अटी कोणत्या, हा प्रश्न खुला आहे आणि त्यात जंतांना जागा उरते.

सार्डिनिया बेटाचे उदाहरण तिसरी शक्यता दाखवते. भूमध्य समुद्रातील या बेटावर शतकानुशतके हिवताप होता. १९४६ ते १९५० या काळात डीडीटी फवारून तो संपवण्यात आला. दक्षिण युरोपात असूनही सार्डिनियात एमएस आश्चर्य वाटावे इतका जास्त आहे. २०१७ मध्ये तेथील संशोधकांना प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना चेतवणारा एक जनुकीय बदल सापडला. तो सार्डिनियात अधिक आढळतो आणि एमएसचा धोका वाढवतो. हिवतापाशी लढताना तो उपयोगी पडला असावा आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकला असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे परजीवी गेला, पण त्याच्यासाठी घडवलेली हत्यारे घरात राहिली.

९. भारताच्या संदर्भात

भारतात एमएस कमी आहे, हे विधान जपून वापरावे लागते. एमआरआय आणि चेताविकारतज्ज्ञ जिथे नाहीत तिथे निदानही नसते. मंगळुरू शहरातील एका सर्वेक्षणात, २०१४ मध्ये, लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. जुन्या रुग्णालयीन अंदाजांपेक्षा हे बरेच जास्त होते. मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवले की पारशी समाजात एमएसचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आहे. शहर एकच, हवा-पाणी एकच. मग फरक जनुकांचा की लहान कुटुंबे, सुस्थिती आणि स्वच्छता यांचा? केवळ या एका उदाहरणावरून निवाडा करता येत नाही.

आता व्यवहाराचा मुद्दा. फेब्रुवारी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मिळते. हे टिपण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ती चघळलेली असेल. 'जंत बरे, गोळी नको' असा अर्थ या इतिहासातून काढणे चूक आणि धोक्याचे ठरेल. अंकुशकृमी रक्त पितात आणि मुलींना, गरोदर स्त्रियांना पंडुरोग देतात. गोलकृमी आतडे अडवतात. डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन फिट्स आणते, आणि भारतातील अपस्माराचे हे एक प्रमुख कारण आहे. 'परजीवी' हा एक शब्द आहे, पण त्यामागे शेकडो वेगवेगळे जीव आहेत.

एमएसच्या रुग्णाला तर विशेष जपावे लागते. झटक्यावर स्टिरॉइड दिले जाते, आणि स्ट्राँजिलॉइडीस नावाचा कृमी पोटात असेल तर स्टिरॉइडमुळे तो शरीरभर पसरून जीवही घेऊ शकतो. म्हणून स्वतःहून कृमी घेण्याचा प्रयोग कोणीही करू नये. संशोधकांचे उद्दिष्टही आता कृमी देण्यापेक्षा कृमी जी प्रथिने स्रवतात त्यांच्यापासून औषध बनवण्याकडे झुकत आहे.

१०. सारांश

पिएर मारी यांना संसर्ग हा आरोपी वाटला. ग्रीनवूड आणि रूक यांना तो पहारेकरी वाटला. २०२२ मध्ये एक विशिष्ट विषाणू पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आला. या तिन्ही भूमिका एकमेकींना पूर्णपणे खोडत नाहीत. कदाचित विषाणू ठिणगी टाकत असेल, जनुके सरपण पुरवत असतील आणि बालपणीचे सहवासी ओलावा देत असतील. हे चित्र पटण्याजोगे आहे, पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, आणि ते अंतर नॉटिंगहॅमच्या चाचणीसारख्या कंटाळवाण्या, काटेकोर कामानेच मोजता येते. ब्यूनोस आयर्सच्या चोवीस रुग्णांनी प्रश्न विचारला. एकाहत्तर रुग्णांनी त्याचे उत्तर 'अजून नाही' असे दिले. विज्ञानाच्या इतिहासात दोन्हींची नोंद सारख्याच आदराने ठेवली पाहिजे.

स्वाध्याय

१. इस्राएलमधील १९६६ च्या निरीक्षणाचे दोन अर्थ कोणते? प्रत्येकाच्या बाजूने एकेक पुरावा द्या.
२. स्थलांतरितांच्या अभ्यासातून जनुके आणि परिसर यांचा प्रभाव वेगळा कसा करता येतो? त्याची मर्यादा कोणती?
३. नॉटिंगहॅमच्या चाचणीत ५१ टक्के आणि २८ टक्के हा फरक दिसूनही चाचणी यशस्वी का मानली गेली नाही?
४. तुमच्या जिल्ह्यात जंतनाशक मोहिमेला विरोध करणाऱ्या पालकाने स्वच्छता गृहीतकाचा दाखला दिला, तर तुम्ही काय उत्तर द्याल? दहा ओळींत लिहा.